गोजराची खेचर आणि कातळवाडीचा संशय

फार वर्षांपूर्वीची, घाटात गाडीरस्ता झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कातळघाटाच्या पायथ्याला कातळवाडी नावाचं गाव होतं. अजूनही आहे. कोकणातलं मीठ गाढवांवर लादून वर देशावर न्यायचं आणि तिकडचं धान्य खाली आणायचं, यावर गावाचं पोट चालायचं. घरटी चार-पाच गाढवं असायची, आणि माणसागणिक एक संशय असायचा. गावाची बदनामी करतोय असं समजू नका, मीही तिथलाच आहे.

गावाची एक रीत होती. घाटमाथ्यावर घाटाईच्या देवळाशी वाटसरूंसाठी पाणपोई होती. कुणाच्या दारात नवी मादी आली, की तिचं पहिलं शिंगरू घाटाईला द्यायचं. ते मोठं होऊन पाणपोईचं पाणी वाहायचं. जो शिंगरू चुकवील त्याचं जनावर गाव ठेवून घेई, आणि त्याला घाटाची वाट बंद होई.

अशा गावात गोजरा नावाची बेलदारीण राहायला आली. नवरा लष्कराच्या सामानाबरोबर गेला तो परतलाच नव्हता. तिच्यामागे होती फक्त तांबडी, एक खेचर. कातळवाडीनं तोवर खेचर पाहिलेलं नव्हतं. तांबडी दोन गाढवांचं ओझं एकटी न्यायची. ती चढायला लागली की वाटेतले दगड आपणहून बाजूला सरायचे, असं म्हणतात. दगडांचं मला खरं वाटत नाही, पण गाढववाल्यांच्या पोटात दुखू लागलं, तेवढं मात्र नक्की खरं.

चार वर्षं झाली, तांबडीला शिंगरू काही होईना. तेव्हा गाढवांच्या तांड्याचा म्होरक्या सटवाजी मुकादम यानं गोजराला चावडीवर बोलावलं.

"बाई, घाटाईचं शिंगरू कुठं हाय?"

"खेचर वीत न्हाई, मुकादम."

"मादीच हाय न्हवं?"

"मादीच हाय."

"आन् मादी वीत न्हाई?"

गोजरानं तांबडीला चावडीपुढं उभं केलं. "ह्ये कान बघा. घोड्यापरीस लांब, गाढवापरीस आखूड. शेपटाला वरपासनं केस हायती, तुमच्या गाढवांच्या शेपटाला निस्ता खाली गोंडा. गाढवाच्या पाठीवर आन् खांद्यावर काळा पट्टा असतोय, हिला हाय का? वरडती तवा आधी खिंकाळती आन् मग रेकती. हिची आय घोडी, बाप गाढव. अशा जनावराला प्वार हुईत न्हाई, मुकादम. देवाशपथ सांगते."

सटवाजीनं तांबडीभोवती एक चक्कर मारली. "गाढवच हाय," तो म्हणाला. "खायाला बरं मिळालंय, म्हनून अंग धरलंय."

मग ज्याला त्याला काहीबाही आठवू लागलं. कुणी म्हणालं, शिंगरं ती वरच्या बाजारात गुपचूप विकते. एका बाईनं तिच्या खोपटामागं बारके खूर उमटलेले पाहिले होते. ते शेळीचे होते, असं म्हणतात, पण तेव्हा कुणी वाकून बघितलं नाही.

शेवटी ठरलं, की तांबडी सटवाजीच्या परड्यात राहील आणि गावातलं सगळ्यात दांडगं गाढव तिच्यासोबत मोकळं सोडायचं. या पाडव्यापासून पुढचा पाडवा उलटून पावसाळा लागेपर्यंत वाट बघायची. शिंगरू झालं, की गोजरा खोटी. मग तांबडीही गेली आणि गावही सुटलं. आणि तोवर घाटाईचं पाणी कोण वाहणार? तर जिनं शिंगरू बुडवलं तिनंच.

एवढ्या मोठ्या जगात तिला ती खेचर तेवढी होती. गोजरा कबूल झाली.

रोज सकाळी डोक्यावर दोन घागरी घेऊन ती घाट चढू लागली. तिच्या घागरीतला थेंब कधी सांडला नाही, आणि तिनं भरलेला रांजण संध्याकाळपर्यंत आटला नाही, असं म्हणतात. पण गाव त्यातही खोट काढी. बाईनं पाण्यात मंत्र घातला, असं बोललं जाई. ती तांबडीला भेटायला परड्याशी आली, तर चोरून झाडपाला चारते की काय म्हणून दोघं जण तिच्या मुठी उघडून बघत. दर शनिवारी एक म्हातारी तांबडीचं पोट चाचपून जाई आणि दर शनिवारी म्हणे, "काय कळंना बया." माझीच पणजी ती. सांगायला लाज वाटते.

त्याच परड्यात सटवाजीची लाडकी घोडी असायची. ती गाभण राहिली. सटवाजीनं तिला एका सरदाराच्या घोड्याला दाखवून आणलं होतं, आणि आता कसलं देखणं शिंगरू होणार, हे तो गावभर सांगत फिरे. पुढच्या वर्षीच्या वैशाखात घोडी व्यायली. गाव गूळ खायला जमलं.

शिंगरू उभं राहिलं. त्याचे कान आधी उभे राहिले, असं म्हणतात.

घोड्यापेक्षा लांब, गाढवापेक्षा आखूड असे ते कान होते. खांद्यावर पट्टा नव्हता. शेजारी ते दांडगं गाढव गवत खात उभं होतं. तांबडीवर वर्षभर पहारा ठेवणाऱ्या गावाला घोडीवर नजर ठेवायचं सुचलंच नव्हतं. सटवाजीची मान खाली गेली, आणि बघता बघता साऱ्या गावाचीच खाली गेली.

त्याच दिवशी सटवाजी तांबडीचं दावं धरून अनवाणी घाट चढला, मागोमाग गाव. गोजरा पाणपोईवर रांजण भरत होती.

"चुकलं बाई," तो म्हणाला. "तू खरं बोलत हुतीस. चल घरला."

गोजरानं तांबडीच्या मानेवर हात ठेवला आणि ती रडली. मग म्हणाली, "तुमच्या घोडीनं सांगितलं तवा तुमाला पटलं, दादा. मी बी त्येच सांगत हुते." तिनं दावं हातात घेतलं आणि ती पलीकडच्या बाजूनं देशावर उतरून गेली. सटवाजीनं हाका मारल्या. गावही मागं धावलं. पण ती परत आली नाही. पलीकडच्या वाटेवर खुरांचे ठसे सापडले, पण तिच्या पावलांचा एकही नाही, असं म्हणतात.

सटवाजीच्या घोडीची ती पोर पंचवीस वर्षं जगली. तिलाही कधी शिंगरू झालं नाही.

आजही कातळवाडीत कुणावर आळ घ्यायचा, तर आधी डोक्यावर गोजराच्या नावानं दोन घागरी घेऊन घाट चढावा लागतो. पाणपोईवर पाणी ओतायचं, खाली यायचं, आणि मग चारचौघांत काय ते बोलायचं. बहुतेक जण खाली येतात आणि मुकाट्यानं घरी जातात.

माझा स्वभाव संशयी, त्यामुळे मी तीनदा गेलोय. तिसऱ्या वेळी उतरताना दमून वाटेतच बसलो. एक माणूस मला हाताला धरून खाली घेऊन आला. त्याच्यावरच आळ घ्यायला निघालो होतो मी.