प्रोसेसरचा सत्कार

गेम खेळायचा एक लॅपटॉप नवा होता तेव्हाची गोष्ट. त्यातल्या प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात धावायचं होतं. शेजारचा पंखा म्हणाला, “धावा साहेब, पण वेग थोडाथोडा वाढवा आणि दर वेळी ताप बघा.”

तिसऱ्या वाढीला ताप नव्वद अंशांवर गेला. पंखा म्हणाला, “आता थांबा.”

“हा ताप नाही, तेज आहे,” प्रोसेसर म्हणाला.

मेमरी आणि बॅटरीनं लगेच सत्कार ठेवला. प्रोसेसरला शाल पांघरली आणि भाषणात घरघर नको म्हणून पंख्याला गप्प बसवलं. भाषण रंगात आलं आणि लॅपटॉप बंद पडला.

शुद्धीवर आल्यावर प्रोसेसरनं विचारलं, “भाषण कुठपर्यंत आलं होतं?”

शाल बाजूला सारत पंखा म्हणाला, “‘हे सगळं मी एकट्यानं केलं’, इथपर्यंत.”