महाराजांचा ठसा

थोरले महाराज गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा एकच लाकडी ठसा मागे उरला. वर्षश्राद्धाला त्यावरून चित्र छापून वाटायचं ठरलं. दिवाण अंताजीपंतांनी हट्टाने खरबरीत कागद निवडला. त्याच्या खळग्यांत शाई पोचेना. महाराजांच्या तोंडावर देवीचे व्रण उमटले.

“ठसाच खोटा. तो ठेवणं म्हणजे महाराजांचा अपमान,” म्हणत दिवाणांनी तो चुलीत घातला.

हे कळताच राणीसाहेबांनी भर दरबारात तोच कागद पुढे केला. “पंत, यावर तुमचा शिक्का उमटवा.”

शिक्काही तसाच तुटक उमटला.

“मग हाही चुलीत घालू?”

दिवाणांची मान खाली गेली. पुढे गुळगुळीत कागद आला, त्यावर शिक्का लख्ख उमटला. महाराजांची मात्र राख झाली होती, दुसऱ्यांदा.