दारी आलेलं शेत

पूर्वी शालिपूर नगरात राजा धृतवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मास आले. मोठे झाल्यावर ते मोरचुदाच्या गोण्या गाड्यांवर लादून गावोगाव फिरत. भातावर करपा पडला की शेतकरी ती निळी पूड पाण्यात कालवून पिकावर शिंपीत. रोग हटे आणि बोधिसत्त्वांचा संसारही चाले.

एका पावसाळ्यात ते वेळुग्रामी पोहोचले. तिथल्या भाताच्या पानापानावर डोळ्यांसारखे तपकिरी डाग उमटले होते. गावाचा प्रमुख भद्रक गाड्यांना आडवा आला.

"शेटजी, देवासारखे आलात! सगळ्या गोण्या उतरवा. हे पीक गेलं तर पोरांच्या पानात काय वाढायचं?"

बोधिसत्त्वांनी बांधावरून पाहिलं. एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात उतरत शेवटी तळ्यात जात होतं, आणि तिथे भद्रकाची वहिनी नंदिका पिण्याचं पाणी भरत होती. मागच्या गावी पूड शिंपल्यावर अशाच तळ्यात उताणे तरंगणारे मासे त्यांनी पाहिले होते. त्यांचं मन थबकलं.

"दादा, ही पूड मी देणार नाही, ती तुमच्या पिण्याच्या पाण्यात उतरेल," ते म्हणाले. "रोगट रोपं उपटून जाळा. शेणखत थांबवा, फार खाऊन तुमचं भात मऊ पडलंय. उरलेल्यावर आंबवलेलं ताक पाण्यात मिसळून शिंपा."

"ताक?" भद्रक भडकला. "करप्याला पंगतीला बसवताय होय? मग विडाही देऊ की त्याला!"

लोक हसले, पण लगेच त्यांचे चेहरे उतरले.

"पीक गेलं तर माझे बैल नि गाड्या विकून धान्य आणा. तोवर मी इथून हलत नाही," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले.

तेव्हा नंदिका घागर खाली ठेवून पुढे आली. "भावोजी, आपल्याकडे ताक विकत नाहीत आणि दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. आज शेतच दारी आलंय असं समजा."

तिने आपल्या घरचं ताक आणलं. मग घरोघरचे माठ बांधावर आले. आंबलेलं ताक पाण्यात मिसळून बाया कडुलिंबाच्या डहाळ्यांनी शिंपू लागल्या. भद्रकाचं खाचर खताने सर्वांत हिरवंगार, आणि रोगही तिथेच जास्त. रोपं उपटताना त्याचे डोळे भरून आले. डाग वाढतच होते. एकदा तर त्याने रागाने बोधिसत्त्वांचे बैल सोडून आपल्या गोठ्यात बांधले.  बोधिसत्त्व शिंपत राहिले.

पुढे नवी पानं आली, ती स्वच्छ होती. सगळंच पीक काही वाचलं नाही. पण लोंब्या भरल्या आणि गाव उपाशी राहिलं नाही. तळ्यात मासे खेळत होते. भद्रकाने बैल धुऊन, स्वतः आणून जुंपले. बोधिसत्त्वांनी मोरचूद नगरातल्या रंगाऱ्यांना पडत्या भावाने दिला आणि तो व्यापार कायमचा सोडला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक आज तुमच्यातच बसला आहे, तो आनंद. नंदिका म्हणजे विहारात रोज भात घेऊन येणारी उपासिका सुधम्मा. आणि तो व्यापारी मीच होतो. आपला लाभ दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात उतरताना दिसला की हात आवरायचा आणि त्याची चूल विझू नये म्हणून तिथेच थांबायचं, याला करुणा म्हणतात."