डॉटरेलचा मोडका पंख

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात परचुरे नावाचे एक वृद्ध पक्षिनिरीक्षक राहत असत. तरुणपणी शिकवण्यासाठी तिकडे गेले आणि पक्ष्यांच्या ओढीने तिथलेच झाले. त्यांच्याकडे शिकायला साताऱ्याची इरावती आली होती. ती पशुवैद्य; जखमी जीव दिसला की तिचे हात स्वस्थ राहत नसत.

उन्हाळा नुकता लागला होता, तरी माथ्याजवळच्या घळीत बर्फ शिल्लक होते आणि वारा बोचरा होता. डॉटरेल नावाचा, टिटवीच्या कुळातला दुर्मीळ पक्षी पाहण्यासाठी दोघे चढून आले होते. सरांचे गुडघे आता थकले होते. एवढी चढण पुन्हा जमेल याची त्यांना खात्री नव्हती.

माथ्यावर पोचतात तोच पायांपुढून एक पक्षी फडफडत निघाला. पांढरी भुवई, तांबूस पोट. एक पंख जमिनीवरून ओढत तो लंगडत दूर जाऊ लागला.

"सर, पंख मोडलाय त्याचा!"

इरावती धावणार, तोच सरांनी तिचा दंड धरला. पक्ष्याला हात जोडले आणि म्हणाले, "चल, आल्या वाटेने खाली."

"असं कसं? त्याला तसंच टाकून?"

"आधी चल."

तिला वाईट वाटले, रागही आला. पण गुरूचा शब्द मोडवेना. बरेच खाली आल्यावर एका खडकाआड बसून सरांनी दुर्बीण तिच्या हाती दिली. पक्ष्याचे दोन्ही पंख धड होते! तो तुरुतुरु चालत आला आणि शेवाळातल्या खळग्यात अलगद बसला.

"नर आहे तो," सर म्हणाले. "यांच्यात अंडी बापच उबवतो. आपण अंड्यांजवळ गेलो, म्हणून सोंग घेऊन त्याने आपल्याला स्वतःच्या मागे ओढलं. तू धावली असतीस, तर तो आणखी लांब गेला असता आणि या वाऱ्यात अंडी निवली असती. तुझी माया खरी होती, इरा. पण आपण दूर व्हावं, एवढीच मदत त्याला हवी होती."

इरावतीने दुर्बीण खाली घेतली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही तर त्याला डोळे भरून पाहिलंही नाहीत, सर."

"एवढासा जीव, अंड्यांतल्या पिल्लांसाठी आपल्यासारख्या धिप्पाड प्राण्यांसमोर लंगडला. ते पाहायला मिळालं. आणखी काय मागायचं?"

इरावतीने दुर्बीण सरांच्या डोळ्यांना लावून दिली. आभार त्या बापाचे मानावेत की या गुरूचे, हे तिला ठरवता येईना.