भुरीचे रांजण

त्या मुलखात पाणी हीच संपत्ती होती, आणि ऊन कुणाचं मिंधं नव्हतं. टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून पखाली वाहाव्यात, त्यातला वाटा मिळेल त्यावर जगावं. भुरी गाढवीण तेच करायची, रेड्याच्या गाड्याखाली तिचा पाय चिरडेपर्यंत.

रेडा बडी असामी. "तीच आडवी आली," म्हणून मोकळा झाला. पंचांनी कितीतरी उन्हाळे घोळ घातला आणि अखेर निवाडा दिला: रेड्यानं एकदाच टाकंभर पाणी द्यावं, वाद मिटवावा. एकदाच! भुरीला टेकडी आता जन्मात चढता येणार नव्हती. हे पाणी सरलं की संपला कारभार.

तिथली रीत अशी, की मिळालेलं पाणी अंगणात परातींत मांडायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं तोंड ओलं करायचं. भुरीनंही भल्याथोरल्या पराती मांडल्या. का नाही मांडायच्या? जन्मभर दुसऱ्याचं पाणी वाहिलं होतं तिनं! कावळेभावजी आले, मेंढ्या आल्या, रेड्याचे सोयरेसुद्धा आले, निर्लज्ज मेले. संध्याकाळी बघते तो पाणी चार बोटं उतरलेलं. पाहुण्यांपेक्षा जास्त उन्हानंच पिऊन टाकलं होतं.

"बाई गं," शेजारची कासवीण म्हणाली, "ऊन आमंत्रणाची वाट बघत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भुरीनं उरलेलं पाणी अरुंद तोंडाच्या रांजणांत भरून सावलीला ठेवलं. सावलीचं भाडं घेणाऱ्या वडाचा रांजण वेगळा, पायाला पाला बांधणाऱ्या माकडीण वैदूचा वेगळा. एक गवताच्या वाफ्यासाठी. तो चारा देऊन थोडं नवं पाणी मिळणार होतं. सगळ्यात मोठा स्वतःच्या पोटाचा, रोज एक वाडगं, वर थेंब नाही. आणि एक लहानसं मडकं सणावाराला अंग भिजवायला. एवढी हौस नको होय जिवाला?

"चिक्कू झाली हो," मेंढ्या कुजबुजल्या. भुरीला वाईट वाटलं, पण तिनं झाकणं काही उघडली नाहीत.

उन्हाळा तापला. गल्लीतल्या पराती एकेक करून आटल्या. कावळेभावजी भुरीच्या कुंपणावर बसले, अंगणातली कोरडी ठक्क परात बघून हळहळले, "संपलं हो बिचारीचं!"

आत सावलीत बिचारीनं आजचं वाडगं चाटूनपुसून संपवलं, रांजणावर झाकण सारलं आणि दुखरा पाय लांब पसरून मजेत डोळे मिटले.