दम नसलेली बिअर

कोल्हापूरच्या रेवती चौगुलेने गुळाची बिअर बनवली होती, काकवीसारखी गोड आणि भलतीच कडक. पुण्यातल्या स्पर्धेत परीक्षक होते दिगंबर राजोपाध्ये. त्यांनी नापास केलेली बिअर कुठलाच बार ठेवत नसे.

इतरांची बिअर त्यांनी घोटभरच चाखली. हिचे मात्र चार ग्लास रिचवले आणि खुर्चीत बसूनच निकाल दिला, "नुसतं सरबत आहे. दम नाही. दहापैकी दोन."

रेवती शांतपणे म्हणाली, "मान्य आहे, सर. फक्त एवढंच जरा उभं राहून सांगा."

राजोपाध्ये दोनदा उठायला गेले आणि दोन्ही वेळा धपकन खाली बसले. मग त्यांनी निकालाचा कागद मागवला, दोनाचे नऊ केले आणि म्हणाले, "एक मार्क कापलाय. आता मला घरी कोण नेणार?"