कोद्र्याचे पेव अडवणारा हत्ती

पूर्वी वेत्रनगरीत वीरकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दारी मंगल हत्ती म्हणून जन्मला होता. नगरीची रीत अशी, की दानाच्या धान्याचा पहिला घास त्या हत्तीने खायचा. त्याने खाल्लं की धान्य शुद्ध, मग ते लोकांना वाटायचं.

एका वर्षी ऐन कापणीत पाऊस आला. कोद्रा ओलाच राहिला. पण पेव भरायचा मुहूर्त टळेल म्हणून कोठारी सोमिलाने तो तसाच जमिनीतल्या पेवात ओतला. अहो, मुहूर्त साधला म्हणून ओलं धान्य वाळतं होय? आत ते तापलं, त्याला बुरशी चढली आणि बुरशीने दाण्यात विष सोडलं.

पुढे लोकांच्या घरचं धान्य संपलं, तेव्हा राजाने पेव उघडवलं. तो लेकीला घेऊन तिथे आला, भोवती लोकांची गर्दी जमली. सोमिलाने थोडा कोद्रा पाखडून शिजवला आणि पेवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हत्तीपुढे घास धरला. हत्तीने तोंड फिरवलं आणि तो म्हणाला,

"हे खाऊन माणसांना भोवळ येईल, हातपाय थरथरतील. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर यकृत नासेल."

सोमिल भडकला. "धर्माची गाय, आणि म्हणे दात का नाहीत! पाखडलंय, शिजवलंय, अजून काय करू?"

"पाखडून बुरशी उडाली. विष दाण्यातच आहे. ते धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही."

गर्दीतून पिंगला कुंभारीण पुढे आली. तिच्या कडेवर पोर होतं. "गजराजा, उपाशी मरण्यापेक्षा भोवळ परवडली. सर बाजूला."

बोधिसत्त्वाला गलबलून आलं. "बाई, विष नाहीतर उपास, एवढंच तुझ्या वाट्याला आहे असं कोण म्हणतं? राजवाड्याची कोठी कोरड्या तांदळाने भरली आहे."

"ती राजघराण्याची आहे!" सोमिल ओरडला.

"मग मी इथून हलत नाही," असं म्हणून हत्ती पेवाच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. राजाने खूण केली. माहुताने अंकुश मारला, पुन्हा मारला. मस्तकातून रक्त वाहू लागलं, पण हत्ती तसूभरही सरकला नाही. ते पाहून पिंगला पोराला घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग एकेक करून सारी गर्दीच बसली.

"राजा," हत्ती म्हणाला, "हा घास तुझ्या लेकीला भरव. मी लगेच उठतो."

राजाने घास हातात घेतला. शेजारी उभ्या असलेल्या लेकीने तोंड उघडलं. राजाचा हात काही केल्या पुढे जाईना. त्याने घास मातीत टाकला आणि म्हणाला, "कोठी उघडा."

भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल तो आजचा देवदत्त. राजा तो आनंद, पिंगला ती उत्पलवर्णा, आणि अंकुश खाऊनही न उठलेला हत्ती मीच होतो. नुसती दया येऊन भागत नाही, तिच्यासाठी अडून बसावं लागतं. त्यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात.